चावडीवर वाचलेली एक ओळ

१९३८ सालच्या चैत्रात शिंदखेड्याजवळच्या एका गावी चौदा वर्षांची भिकू टपालात टाकायला पत्र घेऊन निघाली होती. गावात लिहिता येणारी मुलगी ती एकटीच. सासुरवाशिणी गुपचूप तिच्याकडून माहेरी पत्रे लिहून घेत. देवळापाशी जीवराम पाटलाने तिच्या हातातून पत्र हिसकावले, वाचले आणि तिला ओढत चावडीवर नेले.

तिथे अकरा जण बसले होते. पाटलाने एकच ओळ मोठ्याने वाचली : "लवकर या आणि मला घेऊन जा."

भिकूनेच कुणा प्रियकराला लिहिले असे समजून सगळे खो खो हसले. "हाई वयच खोटं शे!" एकजण म्हणाला. बाकीचे पत्र वाचा, असे कुणालाही म्हणावेसे वाटले नाही.

पाटलाने तिच्या बापाला, चुडामणला बोलावून पत्र त्याच्या अंगावर फेकले. चुडामणला अक्षरओळख नव्हती.

घरी त्याने काठी उचलली. "सांग, कोनले लिखं हाई?"

"नही सांगाव, बा. मी शपथ लिधी शे."

पाठ फुटली तरी ती बोलली नाही. चुडामणने तिची शाळा बंद केली आणि चाळिशीच्या एका बिजवराशी लग्न ठरवले.

हळद लागायच्या आदल्या दिवशी पाटलाची सतरा वर्षांची सून सुगंधा विहिरीत सापडली. पंचनाम्याला फौजदार आले. पाटील डोळे पुसत म्हणाला, "साहेब, कोवळं वय. पाय घसरला असेल."

भिकू गर्दीतून पुढे आली. तिने बापापुढे हात केला. "ते पत्र दे."

चुडामणने गोधड्यांखालून पत्र आणून दिले. फौजदारांनी ते सर्वांसमक्ष वाचले : "बाबा, सासरे मला दोरखंडाने मारतात. दोन दिवस कोंडून ठेवले होते. लवकर या आणि मला घेऊन जा. तुमची सुगंधा."

पत्र कुणाचे, हे पाटलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. एका पोरीचे वय त्याला आडोशाला पुरले!

भिकू गर्दीतल्या त्या अकरांकडे वळली. "तुम्ही बठ्ठा हासनात. तिना बाप येता तं ती जगती."

धुळ्याच्या कोर्टात तिने वकिलाच्या उलटतपासणीला तीन तास तोंड दिले. सुनेच्या मृत्यूबद्दल पाटलाला पाच वर्षे सक्तमजुरी झाली. बेड्या पडताना ती त्याच्याकडे एकटक पाहत होती. तिला बरे वाटले, आणि ते तिने लपवले नाही.

बिजवराचे लग्न तिने मोडले. कोर्टाच्या पायरीवर चुडामण रडला. "मनं चुकनं, माय. मी तुले इचारं व्हतं..."

"इचारं व्हतं, बा. हातमा काठी लिसन इचारं."

तिने त्याला क्षमा केली नाही. करावी, असे हा खटला वर्तमानपत्रात लिहिणारा मीही सांगणार नाही.

त्या अकरांपैकी आठ जण अजून चावडीवर बसतात. वयात आलेली पोर दिसली की नजर वर करून पाहतात. आठही जणांची नावे माझ्यापाशी आहेत. पुन्हा एखाद्या पोरीकडे पाहून ते हसले, तर बापांच्या नावांसकट छापीन.