अक्काचं भाताचं पाणी

गवंड्याच्या घरात शब्द चालायचा तो अक्काचा. मोठी बहीण, आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे ब्र काढायची त्याची टाप नव्हती. पण आज त्याचं डोकं सटकलं होतं.

त्याची दोन वर्षांची पोर जुलाबांनी पार चिपाड होऊन दवाखान्यातून घरी आली होती. नर्सने बजावलं होतं, "घट्टसर खायला द्या, थोडं थोडं, पण सारखं. सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही तर पुन्हा भरती." आणि अक्का काय देत होती? भाताचं पाणी! तेही कसं, तर पोरीला मांडीत आवळायची, नाक दाबायची आणि चमचा तोंडात रिकामा करायची. त्याच चमच्याने कडू औषध दिलेलं. चमचा दिसला की पोरीची दातखीळच बसायची. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ते बघून गवंड्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

"अक्का, सोड तिला."

"तू मला शिकवणार? याच हातांनी तुला वाढवलंय!"

"वाढवलंस, उपकार आहेत. पण सिमेंटच्या मालात पाणी जास्त झालं की भिंत उभी राहत नाही, एवढं मला कळतं. हे पाणी आता बंद!"

त्याने चमचा हिसकावला आणि दिला भिरकावून. बायको नुकतीच कामावरून आली होती. ती दारातच थबकली, मग तिने बटाटा आणि अंडं उकडायला ठेवलं. दोन्ही मऊ कुस्करून, वर तेलाची धार सोडून गवंड्याने ताटली जमिनीवर पोरीपुढे ठेवली.

"अंडं? आणि स्वतःच्या हाताने? अगं बाई, सगळं अंगाला फासेल!"

"फासू दे. धुवायला मी आहे."

"पोट बिघडलं तर?"

"तर माझ्या डोक्यावर. तुला कोणी बोलणार नाही."

पोरीने एक बोट बुडवलं. चाटलं. मग अख्खा पंजाच घातला. निम्मं जमिनीवर, थोडं केसांत, पण पोटातही जात होतं. अक्का तोंड फिरवून बसली खरी, डोळे मात्र ताटलीवरच.

गवंड्याने गंमत म्हणून एक घास उचलायला हात पुढे केला. पोरीने फाडकन त्याच्या हातावर चापट मारली आणि घर दणाणेल अशी ओरडली, "माझं!"

"बघ, किती उर्मट झालीय," अक्का पुटपुटली.

"होऊ दे!" तो म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. "होऊ दे, अक्का!"