बुडालेली नायिका चहा करते

मुलांनो, एकाही नावाजलेल्या लेखकाबद्दल चांगलं न बोलणारी आत्या डोळ्यांसमोर आणा. तिने एक जाडजूड कादंबरी भाचीसमोर आपटली.

"म्हणे थोर लेखक. नायिका नदीत बुडून मरते आणि पुढच्याच पानावर चहा करते. मेल्याला वाक्यसुद्धा धड पूर्ण करता येत नाही, आणि लोकांनी डोक्यावर घेतलाय."

"मी वाचू?"

"असला कचरा वाचणार असशील, तर माझ्या पुस्तकांच्या कपाटाला पुन्हा हात लावायचा नाही."

भाचीचा जीव त्या कपाटात अडकलेला. तरी तिने कादंबरी चाळली. पानं सुटी झालेलं ते पुस्तक आत्याने आधी स्वतः शिवलं होतं आणि मगच वाचलं होतं. एकशे बारानंतर एक्याऐंशीवं पान आलं होतं.

"आत्या, पानं मागेपुढे शिवली गेलीत. लेखकाचं काही चुकलेलं नाही."

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे इतकी वर्षं मी त्याला उगाच शिव्या घातल्या? फार शहाणी झालीस. कपाटाची किल्ली टाक इकडे."

भाचीने किल्ली टेबलावर ठेवली, कात्री उचलली आणि आत्यासमोरच पुस्तकाची शिवण उसवायला बसली.