माझी नळी वाकडी म्हणणाऱ्याला

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे आणि हेर ब्योकलेंवर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत श्रीयुत ब्योकलेंवर, माझा दात आहे. मित्रांनो, हे आधीच सांगते, म्हणजे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा नको.

एका कारागिराने माझी नळी अक्रोडाच्या लाकडात बसवली. तोंडातून दारू ओतायची, गोळी ठासायची, मग चाप ओढायचा. शिकारी गेले, त्यांची नातवंडंही गेली आणि मी जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या एका नेमबाजी मंडळात आले. तिथले अध्यक्ष हेर ब्योकले मला रोज पुसायचे. पुढे त्यांची पन्नाशी उलटली आणि माझ्यावरची नेमाची खाच त्यांना अंधुक दिसू लागली. तसं कबूल करायचं सोडून त्यांनी मला डायॉप्टर लावला. डायॉप्टर म्हणजे डोळ्याजवळची छोटी चकती. तिच्या भोकातून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा छोटा उंचवटा, पाहायची आणि नेम धरायचा. भोक जितकं बारीक तितका नेम पक्का, अशी त्यांची ठाम समजूत. आमची नेमबाजीची जागा अंधारी, त्यामुळे त्या भोकातून त्यांना काळोखाशिवाय काही दिसेना. गोळ्या भरकटल्या, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची नळीच वाकडी आहे."

माझ्या अंगाची आग झाली. चूक त्यांची आणि नाव माझं खराब. त्यांनी चकती काढून घेतली आणि मला तळघरात टाकलं. तिथे गंज खात मी एकच गोष्ट जपली, ती म्हणजे राग.

२००७ साली मंडळाच्या सभेत ब्योकलेंनी सुचवलं की माझ्या नळीत शिसं ओतावं आणि मला शोभेसाठी दारावर टांगावं. शिसं ओतलं की बंदूक मेलीच.

तेव्हा नंदा मेश्राम उठली. ती नागपूरची, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, मंडळात नवीन. "तर मग, शरदातल्या स्पर्धेपर्यंत ही मला द्या. नेम लागला नाही तर खुशाल शिसं ओता."

"जा, जा, फ्राउ मेश्राम. घालवा वेळ," ब्योकले हसले.

नंदाने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून मांडलं. तिचा नवरा उज्ज्वल म्हणाला, "अगं, पोळ्या कुठे लाटायच्या?"

"आज ब्रेड खा."

तिने बरेच डायॉप्टर लावून पाहिले. माझ्या जुन्याच स्क्रूच्या भोकात बसेल आणि लाकडाला नवं छिद्र पाडावं लागणार नाही, असा एक तिने निवडला. त्याला चकती लावली मोठ्या भोकाची.

"एवढं मोठं? नेम ढिला नाही पडणार?" उज्ज्वलने विचारलं.

"डोळा मधोमध आपोआप जातो रे. त्याला उजेड हवा."

पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या निशाणाच्या वरून गेल्या. नवी चकती जुन्या खाचेपेक्षा उंच बसली होती, पार खाली उतरवूनही उंचच. ब्योकले मागे उभे राहून गालात हसत होते. उज्ज्वल म्हणाला, "माशी थोडी घास ना."

"घासली तर गोळी आणखी वर जाईल. माशीच उंच हवी." तिने उंच माशी बसवली आणि गोळ्या काळ्या वर्तुळात उतरू लागल्या.

स्पर्धेच्या दिवशी नंदाचा एकही बार वर्तुळाबाहेर गेला नाही. तरी ब्योकले म्हणाले, "नशीब. नळी वाकडीच आहे."

"मग तुम्हीच मारून बघा." तिने दारू भरली, गोळी ठासली आणि मला त्यांच्या हातात दिलं.

त्यांचा गाल माझ्या दस्त्याला टेकला. आता यांची चारचौघांत फजिती व्हावी, गोळी मातीत जावी, असं मला फार फार वाटलं. पण गोळी चुकली तर हा माणूस पुन्हा तेच म्हणणार आणि शिसं ओतणार. खरा सूड कुठे आहे ते मला तेव्हा कळलं. मोठ्या भोकातून त्यांना कित्येक वर्षांनी निशाण स्वच्छ दिसलं. त्यांनी चाप ओढला.

धूर विरला. गोळी बरोबर मध्यावर होती.

"हेर ब्योकले, नळी कशी आहे?" नंदाने विचारलं.

"सरळ आहे," ते पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

त्यांनी मान खाली घातली आणि मोठ्याने सांगितलं, "नळी सरळ आहे."

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, कोरडी ठेवा. काही बिघडलं तर तिच्यावर खापर फोडण्याआधी आपला डोळा तपासा. आम्हाला तोंड उघडता येत नाही, पण तुमचं उघडायला लावता येतं. ब्योकले हल्ली येता-जाता मला सलाम करतात. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.