मुक्कामाची पिशवी

फळी मधोमध मोडली आणि काकूंच्या डोक्यावर साबण कोसळले. कागदात गुंडाळलेले, बिस्किटाएवढे लहान साबण. त्यामागून इवल्या बाटल्या, अंघोळीच्या प्लॅस्टिकच्या टोप्या, कंगवे, दाढीची रेझरं, बूट पुसायचे स्पंज. काकू स्टुलावरून उतरल्या, सगळं गोळा करून पलंगावर ओतलं आणि मग हाक मारली.

काका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग बायकोच्या डोक्याकडे, आणि विचारायला नको तेच नेमकं आधी विचारलं.

“बाटल्या फुटल्या नाहीत ना?”

काका कुलपांच्या कंपनीचे फिरते विक्रेते. उभी नोकरी हॉटेलांच्या खोल्यांत गेली. शनिवारी यायचे आणि सोमवारी निघायचे, म्हणून इमारतीत त्यांचं नाव ‘पाहुणे’ पडलं होतं. काकूही कधी चेष्टेने, कधी चिडून त्यांना तेच म्हणत. प्रत्येक मुक्कामाहून काका खोलीतल्या न वापरलेल्या वस्तू घेऊन येत, कामाला येतील म्हणत आणि फळीवर ठेवून देत.

निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी काका अजून घरी आलेच नाहीत असं काकूंना वाटे. न्हाणीघरातल्या पेल्यात अजून एकट्या काकूंचाच ब्रश उभा असे. काका रोज सकाळी चामड्याच्या पाकिटातून आपला ब्रश काढत, दात घासून झाले की तो पुसून परत पाकिटात ठेवत, आणि पाकीट जाई खांद्याच्या पिशवीत. भाजी आणायला निघाले तरी ती पिशवी बरोबर हवी. कुठे मुक्काम पडेल सांगता येत नाही, म्हणत. काकूंनी सांगून पाहिलं, रुसून पाहिलं. जित्याची खोड, म्हणून शेवटी नाद सोडला. पण सकाळी पेल्याकडे नजर गेली की वाईट वाटायचं ते वाटायचंच.

रविवारपर्यंत हे सगळं कामाला लावा, नाहीतर मी कचऱ्यात टाकते, असं त्यांनी त्या दिवशी बजावलं.

काका हिरिरीने कामाला लागले. बाटल्या हलवून, हुंगून वेगळ्या केल्या. वास उतरलेल्या शाम्पूने घरातले कंगवे धुतले, बेसिन धुतलं, शेवटी जिन्याचा कठडाही. केस मऊ करायचं मलम दाराच्या बिजागरीला फासलं. दार एक दिवस गप्प राहिलं आणि मग दुप्पट कुरकुरायला लागलं. टोप्या उरल्यासुरल्या भाजीच्या भांड्यांवर चढल्या, त्यामुळे फ्रीज उघडला की भांडी अंघोळीच्या तयारीत बसल्यासारखी दिसत. साबण शेजारी वाटायला गेले, तर वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, आमच्या अंगाला वास येतो की काय? एवढं करून शनिवारी ढीग जेमतेम बोटभर खाली गेला होता.

त्याच शनिवारी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचे सासरे जिन्यात पडले. रुग्णवाहिका आली आणि बाई गळ्यात मापाची टेप तशीच अडकवून तिच्यात चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्यांच्यासाठी डबा घेऊन इस्पितळात गेले. परत आले ते थेट काकूंपाशी.

“भांडी घासायच्या साबणाने तोंड धूत होती गं,” ते म्हणाले. “डबा पुढे केला, तर आधी काय विचारावं? काका, कंगवा आहे का म्हणे.”

दोघांचीही नजर एकदमच पलंगाकडे गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काकू पुटपुटल्या. अवचित घराबाहेर मुक्काम पडलेल्या माणसाला रात्रीपुरतं काय लागतं, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? कचऱ्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. ती आपोआपच वाढली.

रुग्णांजवळ राहणाऱ्यांना या वस्तू वाटायला वॉर्डच्या सिस्टरांनी परवानगी दिली, मात्र उघडलेलं काही चालणार नाही म्हणाल्या. काकांनी कागदी पिशव्या भरल्या आणि ऐटीत घेऊन गेले. संध्याकाळी त्यातल्या बऱ्याचशा परत आल्या. बायका आत डोकावून नको म्हणतात, असं सांगून काका खुर्चीत बसून राहिले. त्यांचा पडलेला चेहरा काकूंना बघवेना. त्यांनी एक पिशवी टेबलावर उपडी केली. साबण, रेझर, शर्टाची बटणं, बूट पुसायचा स्पंज.

“खाटांपाशी बसलेलं असतं कोण?” काकूंनी विचारलं.

“बायकाच जास्त.”

“मग त्यांनी बूट पुसत बसावं?”

काकांनी स्पंज उचलून पाहिला आणि त्यांना हसू फुटलं. निवृत्तीनंतर इतकं मोकळं हसताना काकूंनी त्यांना पाहिलंच नव्हतं.

मग काकूंनी हिशोबच बदलला. स्पंज बाहेर, केसांची रबरं आत. कंगवा सगळ्यांत वर, बटणांच्या जागी सेफ्टी पिना. रेझर फक्त पुरुषांच्या पिशवीत. टोप्यांवरून मात्र जुंपली. इस्पितळात कोण नटून अंघोळ करणार, असं काकूंचं म्हणणं. हाताला प्लास्टर असलं की त्यावर टोपी चढवायची, पाणी लागत नाही, असं काकांचं. एका हॉटेलात हात मोडून पडले होते तेव्हा ते शिकलेले. हात मोडल्याचं काकूंना कधी सांगितलंच नव्हतं. उगाच काळजी करशील म्हणून, एवढंच ते आता म्हणाले. काकूंनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि टोपी पिशवीत ठेवली.

सासरे घरी परतल्यावर शिंपीणबाईंनी कापडाच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून दिल्या. दुपारची जेवणं झाली की दोघं टेबलाशी बसून त्या भरत. इतका वेळ समोरासमोर ते कधी बसलेच नव्हते. काकू मुद्दाम सावकाश भरत. ढीग संपला की पाहुणे पुन्हा आपल्या पाकिटाशी, ही धास्ती त्यांच्या मनात होती, आणि ढीग तर संपतच आला होता.

शेवटच्या पिशव्या द्यायला काकूही गेल्या. या खेपेला एकही परत आली नाही. निघता निघता वॉर्डच्या दाराशी एक माणूस दिसला. घरातलेच कपडे, पायांत दोन वेगळ्या चपला. मुलीला नुकतंच आत नेलं होतं, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

काका थांबले. रिकाम्या थैलीत त्यांनी उगाच हात घालून पाहिला. मग खांद्याच्या पिशवीची चेन उघडली आणि चामड्याचं पाकीट काढलं. आतला स्वतःचा ब्रश काढून शर्टाच्या खिशात खोचला. एक नवा सीलबंद ब्रश त्यात कायम असे, तो आहे ना, हे चाचपून पाहिलं.

“तोंड धुऊन घ्या,” पाकीट त्याच्या हातात देत ते म्हणाले. “बरं वाटतं. रात्र मोठी असते.”

त्या माणसाने पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं. काकूंचे डोळे भरून आले. परतीच्या वाटेवर काकांच्या खिशातून ब्रश पेनासारखा डोकावत होता, आणि काकू पुन्हा पुन्हा तिकडे पाहत होत्या. विचारायचा धीर मात्र झाला नाही. न जाणो, वाटेत नवं पाकीट घेऊ म्हणाले तर?

घरी येताच काका न्हाणीघरात गेले. नळ वाहिला, थांबला. मग काचेवर काहीतरी वाजलं आणि पाठोपाठ पेला कलंडल्याचा आवाज आला. काकू धावल्या. पेला बेसिनमध्ये आडवा पडला होता आणि काका अपराध्यासारखे दोन ब्रश हातात धरून उभे होते.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मांडणीवरचा रुंद बुडाचा पेला काढला, स्वच्छ धुतला आणि घेऊन आल्या.

“अगं, होता तोच चालला असता,” काका म्हणाले.

“तो एकटीचा होता,” काकू म्हणाल्या आणि पेला त्यांच्यापुढे धरला.