अंगठ्यापुढची जागा

मोजणीसाहेबांना म्हणायचं होतं, ‘ते बूट काढ.’ तोंडातून आलं, “ते टेबल काढ.”

सिस्टर मिरचीच्या वाफ्यात उभ्या होत्या. हातात खुरपं आणि पायात नवऱ्याचे, म्हणजे साहेबांचेच, नऊ नंबरचे गमबूट. टेबल काही अंगणात नव्हतं. त्या क्षणभर थांबल्या, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“बूट म्हणताय होय? काढते. पण मग घालू काय?”

यावर साहेबांनी डावा हात हवेत उडवला आणि पायरीजवळच्या खुर्चीत तोंड फिरवून बसले. सिस्टर पुढं निघाल्या. पाय पुढं गेला, बूट चिखलातच राहिला.

साहेबांना झटका आला त्याला आठ महिने झाले होते. उजवा हात निकामी झाला होता. उजवा पाय ओढत, काठीच्या आधारानं घरातल्या घरात चालता येत होतं. समजत सगळं होतं. पण शब्दांचा डबा कुणीतरी उपडा करून पुन्हा कसाही भरावा तसं झालं होतं. हात घालावा तर भलताच शब्द हाती यायचा. चहाला ते ‘छत्री’ म्हणायचे, लेकीच्या फोनला ‘पाहुणा’. आकडे मात्र शाबूत होते. तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली होती; आकड्यांनी साथ सोडली नव्हती.

सिस्टर म्हणजे त्यांच्या पत्नी. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढल्यामुळं सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. साहेबांचा जन्म चालण्यात गेला, सिस्टरांचा उभं राहण्यात. साहेबांच्या पायांना कधी फोड आला नाही, कारण बुटाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. सिस्टरांनी मात्र खात्यानं दिलेले पांढरे बूट निमूटपणे घातले. निवृत्त होताना टाचा दुखऱ्या झालेल्या होत्या आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ आली होती.

घरामागची बाग साहेबांची होती. बारा फूट बाय वीस. सिस्टरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण साहेब दवाखान्यातून परत आले तेव्हा टोमॅटोची रोपं माना टाकून पडली होती, आणि ती पाहून ते लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी सिस्टर पदर खोचून वाफ्यात उतरल्या. तेव्हापासून साहेब खुर्चीतून काठीनं दाखवायचे आणि त्या करायच्या. चुकलं की काठी जमिनीवर आपटायची. नवराबायकोचं बोलणं आठ महिने मुख्यतः या काठीतूनच चालू होतं.

“आई, सरळ माळी लाव ना,” लेक फोनवर म्हणायची. “तुझं का वय आहे आता हे करायचं?”

“माळी लावला तर हे कुणावर काठी आपटतील?” सिस्टर विचारायच्या. लेकीला तो विनोद वाटायचा.

साहेब घराबाहेर मात्र पडत नव्हते. त्यालाही कारण होतं. दवाखान्यातून आल्यावर महिन्याभरात त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची बायको गेली. साहेब हट्टानं भेटायला गेले. खोलीभर माणसं बसलेली. साहेबांनी मित्राचा हात हातात घेतला, डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, “छान झालं.” म्हणायचं होतं ‘वाईट झालं’. मित्र समजूतदार होता, त्यानं नुसती मान हलवली. कोपऱ्यात कुणीतरी खुसखुसलं. परतताना साहेब गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवसापासून त्यांनी पुढच्या दाराचा उंबरठा ओलांडला नव्हता. न्हावीसुद्धा घरी यायचा.

तर प्रश्न पायांचा होता. गमबुटांचं जमेना म्हणून सिस्टरांनी जुने कापडी बूट घालून पाहिले. पाणी घालताना ते भिजले आणि दोन दिवस वाळेनात. सँडल घातले, तर गुलाबाचा काटा थेट करंगळीत गेला. दवाखान्यातले पांढरे बूट कपाटातून काढले, पण ते पायात घालताच टाचेला सगळी चौतीस वर्षं आठवली. शेवटी उरली निळी रबरी स्लीपर. साहेबांनी तिच्याकडे पाहून काठी दोनदा आपटली.

“अहो, एवढ्याशा बागेला काय बूट नि काय चप्पल! मी काय डोंगर चढायला चाललेय?”

त्या काही डोंगर चढत नव्हत्या. घेवड्याच्या मांडवाखालून पाण्याची नळी ओढत होत्या. माती चिकट झाली होती. स्लीपरचा पट्टा भोकातून निसटला, पाय आतल्या बाजूला मुडपला, आणि सिस्टर कुशीवर पडल्या. घोट्यातून कळ अशी गेली की तोंडातून आवाजच फुटला नाही.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा उठले. काठी हातातून सुटून पायरीखाली गेली. “अगं,” ते म्हणाले. “अगं, अगं.” त्यांना शेजारच्या टेलरबाईंना हाक मारायची होती. नाव येईना. ‘धावा’ येईना. ओठ हलत राहिले, मान लाल झाली. मग अचानक ते मोठ्यानं ओरडले, “एक!”

सिस्टरांनी मातीतून डोकं वर केलं.

“दोन!” साहेब ओरडले. “तीन! चार!”

खात्यात जमीन मोजायची साखळी ओढताना आकडा ओरडत तसा, खणखणीत. पलीकडच्या शिवणयंत्राचा आवाज चालूच होता. साहेब मोजत राहिले. वीस झाले, तीस झाले. सदतीसला यंत्र थांबलं आणि कुंपणावरून टेलरबाईंचं डोकं वर आलं, गळ्यात टेप तसाच.

“मला वाटलं, साहेब व्यायाम करतायत,” त्या नंतर सगळ्यांना सांगत. “म्हटलं, चांगलंय. पण सदतीस? म्हटलं, बघून तरी यावं.”

हाड मोडलं नव्हतं, पण घोटा सुजून भोपळा झाला. तीन आठवडे सिस्टर उशीवर पाय ठेवून बसल्या. बाग आपल्या मनानं वाढली. टोमॅटो पिकून फुटले. साहेब कधी काठीवर भार देत पायरी उतरायचे, एखादा फुटका टोमॅटो डाव्या हातानं तोडून आणायचे आणि सिस्टरांच्या उशाशी ठेवायचे. एकदा त्यांनी वाफ्यातली निळी स्लीपर उचलली, न्याहाळली, आणि चिंधीसारखी कुंपणापलीकडे फेकली. टेलरबाईंनी ती धुऊन परत आणून दिली. साहेबांनी पुन्हा फेकली.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी पाच वाजता साहेब दाराशी उभे दिसले. अंगात इस्त्रीचा शर्ट, डाव्या हातानं बटणं लावलेली, आणि ती एका घरानं चुकलेली.

“कुठं निघालात?”

साहेबांनी काठीनं सिस्टरांच्या पायांकडे दाखवलं, मग रस्त्याकडे.

‘मी आणते की, तुम्ही कशाला,’ हे सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं. पण रोगी आपणहून उभा राहायला लागला की शेजारी थांबायचं आणि गप्प बसायचं, एवढं चौतीस वर्षांत त्या शिकल्या होत्या. त्यांनी पिशवी घेतली. बटणांबद्दलही काही बोलल्या नाहीत.

“सकाळी गेलो असतो, ऊन तरी—” त्या रिक्षात म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली आणि डाव्या पंजानं फुगल्याची खूण केली. दिवसभरात पाय फुगतो. बूट घ्यायचा तो संध्याकाळी. हे ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच म्हणाले होते, तेव्हा सिस्टरांनी लक्ष दिलं नव्हतं.

दुकान अरुंद होतं, छतापर्यंत खोकी. दुकानदार चाळिशीचा, बोलका.

“या काकू. काकांना तिथं पंख्याखाली बसवा.” मग साहेबांच्या कानाशी वाकून मोठ्यानं, “पाणी आणू का, काका?”

“ऐकू येतं त्यांना,” सिस्टर म्हणाल्या. “बागेत घालायला काहीतरी हवंय मला.”

“हे बघा, एकदम हलके. पिसासारखे!” त्यानं गुलाबी, भोकाभोकांचे रबरी बूट पुढं केले. “बायका हेच नेतात.”

साहेबांनी हात पुढं केला. बूट उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. तळवा गुळगुळीत होता. त्यांनी मान वर केली. सिस्टरांना त्या ओठांची हालचाल कळली: आता भलताच शब्द येणार.

“हसेल,” साहेब म्हणाले.

“कोण हसेल, काका?” दुकानदार हसतच म्हणाला. “आजकाल सगळे घालतात की हो!” गल्ल्यावरची मुलगीही तोंडावर हात धरून हसली.

साहेबांची मूठ काठीवर आवळली. आता हे उठणार, सिस्टरांनी ओळखलं. घरी जाणार आणि परत कधी बाहेर पडणार नाहीत. साहेब उठलेच. पण दाराकडे वळले नाहीत. पाण्याच्या पिंपापाशी फरशी ओली होती. तिथं त्यांनी तो गुलाबी बूट ठेवला आणि काठीच्या टोकानं जरासा ढकलला. बूट सर्रकन भिंतीपर्यंत गेला.

“हसेल,” साहेब पुन्हा म्हणाले, सावकाश, दुकानदाराच्या डोळ्यांत बघत.

दुकानदाराचं हसू विरलं. “घसरेल,” तो म्हणाला. “बरोबर आहे, साहेब. घसरेल.”

त्यानंतर तो सिस्टरांशी फारसा बोललाच नाही. एकेक खोकं काढून साहेबांच्या मांडीवर ठेवू लागला. साहेब बूट वाकवून बघत. टाचेपाशी वाकला की बाद. चवड्याशी वाकला तरच पुढं. तळव्याच्या खाचा फार खोल असल्या तर नखानं त्यात माती अडकल्याची खूण करून परत. एक कापडी जोड चांगला होता, तो साहेबांनी पिंपाकडे बोट दाखवून नाकारला. असे नऊ जोड गेले. दहावा गडद हिरव्या रबराचा, घोट्यापर्यंतचा, पुढं रुंद, आतला तळ काढून धुता येणारा.

सहा नंबर गाठीवर चावला. “चालेल, सैल होईल की,” सिस्टर म्हणाल्या. काठी आपटली. सात नंबर आला.

मग साहेब दुकानदाराच्या बुटक्या स्टुलावर बसले. बसायला बराच वेळ लागला. दुकानदार हात द्यायला पुढं आला आणि सिस्टरांच्या नजरेनं मागं सरला. साहेबांनी सिस्टरांचं पाऊल उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घेतलं आणि डावा अंगठा बुटाच्या टोकावर दाबला. आत त्यांची बोटं कुठं संपतात ते चाचपलं.

“एक,” ते म्हणाले. बोटांपुढं एका अंगठ्याएवढी जागा.

सिस्टरांनी आयुष्यात हजारो पाय हाताळले होते, धुतले होते, बांधले होते. त्यांचा पाय असा कधी कुणी हातात घेतला नव्हता. एकेचाळीस वर्षांच्या संसारात साहेबांनीही नाही. गल्ल्यावरची मुलगी बघत होती. सिस्टरांनी पाय ओढून घ्यायचा विचार केला, पण पाय तिथंच राहिला.

“बस,” साहेब म्हणाले.

“काकू, खाली कशाला बसता?” दुकानदार म्हणाला.

“खुरपताना काय उभी राहू?” म्हणत सिस्टर दुकानाच्या मधोमध उकिडव्या बसल्या. बुटाची कड पोटरीला लागली नाही. “ऊठ,” साहेब म्हणाले. “चाल.” त्या खोक्यांच्या रांगांमधून चालत दारापर्यंत गेल्या आणि आल्या. घोटा दुखला नाही.

“साहेब, तुम्ही आमच्याच धंद्यात होतात की काय?” दुकानदारानं विचारलं.

साहेब थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. सिस्टर तो शब्द त्यांच्यासाठी बोलणार होत्या, पण त्यांनी जीभ आवरली.

“मोजणी,” साहेब म्हणाले.

झटका आल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता. त्यांनी तो पुन्हा एकदा, हळू, उच्चारून पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या दाराच्या भिंतीत, नळाशेजारी, दोन लाकडी खुंट्या ठोकल्या. धुतलेले बूट उलटे टांगून वाळावेत म्हणून. खुंटी उजव्या काखेनं भिंतीशी दाबून धरायची आणि डाव्या हातानं हातोडी मारायची, असं चाललं होतं. सबंध सकाळ गेली. एक खुंटी खाली झुकली, दुसरी डावीकडं. भिंतीचा गिलावा टवका टवका उडाला. सिस्टर स्वयंपाकघरातून ठोके ऐकत राहिल्या आणि बाहेर आल्या नाहीत.

पुढं साहेब संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जायला लागले. शब्द चुकत, लोक हसत, कधी साहेबही हसत. वर्षभरानं दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. खोलीभर माणसं बसली होती. तो सहकारी मित्रही आला. त्यानं सिस्टरांना नमस्कार केला, आणि जाताना मागच्या बाजूला जाऊन घेवड्याचा मांडव बघून आला.

बूट चार वर्षं टिकले. त्यानंतर लेकीनं घराला रंग काढायचं ठरवलं. रंगारी मागची भिंत खरवडत नळापाशी आला. सिस्टर वाफ्यात उकिडव्या बसून मिरच्या तोडत होत्या.

“बाई, ह्या खुंट्या काढून टाकू? वाकड्यातिकड्या ठोकल्यात कुणीतरी. नव्या सरळ बसवून देतो.”

“नको,” सिस्टर म्हणाल्या. “आहेत तशा राहू देत. भोवतीनं रंग लावा.”

रंगाऱ्यानं खांदे उडवले, बारका ब्रश शोधून आणला, आणि खुंट्यांच्या भोवतीनं रंग लावू लागला.