बिनपोच्याची नळी

मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या डिझेलच्या टाक्या मी बनवतो. माझ्या टाकीला पोचा दाखवा, मी धंदा सोडतो. कुवेतला बारा वर्षं हेच काम केलं. तिथे टाकीचा पत्रा आत दबला की आम्ही तोंड लपवत फिरायचो. आणि २००४ साली माझ्याच पोरीने, आफरीनने, मला पोचे पडणारी नळी बनवायला सांगितली.

ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रोजेक्ट असा, की अगदी पातळ पत्र्याची नळी वरून दाबायची. ती टकटक करत पोचे खाणार, सोडली की पुन्हा सरळ होणार. पत्र्यावर चिकटवलेल्या चकत्या त्या झटक्यांतून वीज काढणार आणि एक छोटा दिवा लागणार. पुढेमागे होड्या धक्क्याला आदळतात त्या जोरावर बंदरात दिवे लावीन म्हणायची. मी म्हटलं, दिवा लावायचा तर बटण दाब. तिला राग आला, मलाही आला. डोक्यावर बसून तिने नळी करून घेतलीच. घरी चाचणी झाली, दिवा लागला, आणि मला मात्र त्या चुरमडलेल्या पत्र्याची लाज वाटली.

परीक्षेच्या सकाळी नळीचं एक टोक उसवलं. मी तयार होईपर्यंत जोडून ठेवा, म्हणाली. कॉलेजात चार माणसं बघणार आणि माझ्या, या जैनुद्दीनच्या, हातची नळी त्यांच्यासमोर पोचे खाणार, हे मला सहन होईना. मी आतून दोन कड्या सोल्डर केल्या आणि टोक बंद केलं. पत्रा आत दबू नये म्हणून टाकीला आम्ही अशाच गोल कड्या देतो. वाटलं, वीज थोडी कमी येईल, पण अब्रू राहील.

कॉलेजात मीही गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी नळी दाबायच्या प्रेसचा दांडा फिरवला. आणखी फिरवला. पत्रा हलला नाही, दिवा लागला नाही. मॅडम नळीवर बोट वाजवून म्हणाल्या, काम फार पक्कं आहे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आफरीनने नळी काढून कानाशी वाजवली आणि मला बाजूला घेतलं.

"अब्बा, आत काय लावलंत?"

"कड्या. मजबुतीला."

"चार महिने मी तुम्हाला काय सांगत होते?"

मॅडमना तिने डिझाइन चुकलं एवढंच सांगितलं. मी कबूल करायला पुढे झालो, तर तिने नजरेनेच मला दटावलं. ती नापास झाली. तिने माझं नाव घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. नळी करायला ती रघूकडे गेली. या रघूच्या टाक्या महिन्याभरात गळायला लागतात, मिरकरवाड्यात त्याच्याइतका कच्चा हात दुसरा नाही. पण सांगितलं तेवढंच करतो. नळी दबली, दिवा लागला, पोर पास झाली.

पहिला पेढा तिने रघूला दिला, मग मला. घरात ती माझ्याशी सगळं बोलते. कामाचं मात्र तेव्हापासून काही विचारत नाही.