नोंदी तेगूला जातात

चांगवन शहरातल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनतात. तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघीच. मी कॉम्प्युटर-प्रिंटर बघते, ताक मिर्यंग नेटवर्क सांभाळते. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी बाहेरून आमच्या नेटवर्कमध्ये घुसलं आणि जाताना स्विचमधल्या, म्हणजे नेटवर्क जोडणाऱ्या पेट्यांमधल्या, कोण कधी आलं-गेलं त्या सगळ्या नोंदी पुसून गेलं. काय झालं ते कळायला मार्गच उरला नाही. मग तेगूच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला, की प्रत्येक स्विचने आणि राउटरने आपल्या नोंदी तिथल्या सिसलॉग सर्व्हरवर जमा करायच्या, घडतील तशा लगेच.

मिर्यंगला हे पटलं होतं. फक्त तो सर्व्हर सांभाळायचा प्यो सांगुक, तिचा घटस्फोट झालेला नवरा.

"काम ते काम," म्हणत तिने एकेका स्विचमध्ये त्याच्या सर्व्हरचा पत्ता घातला.

थोड्याच दिवसांत त्याचे मेसेज यायला लागले. 'आज उशिरा लॉगिन? झोप झाली वाटतं.' ती उत्तर द्यायची नाही. मग एकदा आम्ही कँटीनमध्ये सूप-भात खात असताना त्याचा फोन आला. तिने मुद्दाम स्पीकर लावला.

"शनिवारी राउटरवर होतीस तू," सांगुक म्हणाला. "सोरा कुणाकडे होती? माझ्या वकिलाला सांगू का, की आई सुट्टीच्या दिवशीही पोरीला टाकून कारखान्यात जाते?"

मिर्यंगने चमचा खाली ठेवला. "नोंद नीट वाच. घरून जोडलं होतं मी. सोरा माझ्याच मांडीवर चित्रं काढत होती. लॉगिनशेजारी घरच्या इंटरनेटचा पत्ता आहे, तो नाही दिसला? की नको तेवढंच दिसतं तुला?"

"आवाज खाली कर."

"तुझ्यासाठी? चल, फूट!"

दुपारी ती आमच्या विभागाचे प्रमुख मा साहेब यांच्याकडे गेली. साहेब कंटाळून म्हणाले, "नोंदी थांबवता येणार नाहीत. आणि तुमची घरची भांडणं इथे आणू नका."

"थांबवा कुठे म्हणतेय मी? पाठवणारच. पण त्यांच्या सर्व्हरवर कोण शिरतं, कुणाचं नाव शोधतं, त्याच्याही नोंदी दुसरीकडे जाऊ देत. त्या इथे पाठवा."

तेगूच्या लोकांबरोबर व्हिडिओवर बैठक झाली. सांगुक सगळ्यांसमोर गोड हसला. "ताकबाई, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"नाही," मिर्यंग म्हणाली.

सांगुकचे कान लाल झाले. शेवटी तपासणी विभागाच्या बाई म्हणाल्या की ही मागणी खरं तर आधीच व्हायला हवी होती. तेगूच्या सर्व्हरच्या नोंदी आमच्याकडे येऊ लागल्या. सांगुकने पुन्हा तिचं नाव शोधलं नाही. शनिवारची गोष्टही वकिलापर्यंत गेली नाही.

मला वाटलं, मिटलं. पण मिर्यंग रोज सकाळी आल्या आल्या पहिलं तेच उघडायची: सांगुक कधी आला, काय बघितलं, जेवायला कधी उठला.

"आता तू त्याच्यावर नजर ठेवतेस," मी एकदा म्हटलं.

"हो. मग?"

"मग तुझ्यात नि त्याच्यात फरक काय?"

"जिनोकताई, तुम्ही तुमचे प्रिंटर बघा!"

पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही हट्टाने कॉफी एकटीचीच आणायचे. एका सोमवारी तिने न विचारता आपली खुर्ची सरकवली, माझ्या कॉम्प्युटरवर त्या नोंदी उघडायची सोय केली आणि आपल्या कॉम्प्युटरवरची काढून टाकली.

"तुम्ही बघत जा," ती म्हणाली. "मला त्याचं तोंडही बघायचं नाही, आणि हेही नको."

"अजून राग आहे?"

"आहे ना. जाणारही नाही. पण सकाळ माझी आहे."